लॉची फी पाच वर्षांची नसते



बारावीचा निकाल लागला की आमच्या बचत गटांच्या बैठकीत हप्ते आणि व्याज थोडं मागे पडतं आणि ॲडमिशनचा विषय निघतो. पूर्वी नर्सिंग, डी.एड., बी.कॉम. एवढ्यावर यादी संपायची. हल्ली कोळसेवाडीचा गट असो, आयरे गावातला असो की कळव्याचा, एखादी तरी आई म्हणतेच, "पोरीला वकील व्हायचंय." आणि त्याच्या मागोमाग येणारं वाक्यही आता आम्हाला पाठ झालंय. "कॉलेज फादर लोकांचं आहे, म्हणजे चांगलंच असणार."

हा विश्वास कुठून येतो ते आपल्याला ठाऊक आहे. कल्याणची लूर्ड्स शाळा, ठाण्याची सेंट जॉन द बाप्टिस्ट. या शाळांमध्ये मुलाला प्रवेश मिळावा म्हणून पहाटेपासून रांगेत उभे राहिलेले आईबाप आपल्याच चाळींत आहेत. शिस्त, इंग्रजी, वेळेवर परीक्षा. तिथे शिकलेली पोरं पुढे बरी निघाली, म्हणून फादर-सिस्टर म्हटलं की आपण डोळे मिटून सही करतो. पण दहावीपर्यंतची शाळा वेगळी आणि कायद्याची पदवी वेगळी. शाळेनंतर कॉलेज असतंच. लॉ कॉलेजनंतर काय असतं, ते आज बोलूया.

आधी अशी कॉलेजं आहेत कुठे ते पाहू. मुंबईत कॅथलिक संस्थांची कॉलेजं जुनी आहेत. झेवियर्स १८६९ सालचं. पण व्हायलेट अल्वा, माहेरच्या व्हायलेट हरी, झेवियर्समध्ये शिकल्या तरी कायद्यासाठी त्यांना गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात जावं लागलं. आज आपल्या भागातल्या मुली कॅथलिक संस्थेत लॉ करायचं म्हणतात तेव्हा नाव निघतं ते बहुतेक बेंगळुरूच्या क्राइस्ट युनिव्हर्सिटीचं. सीएमआय नावाचा केरळातला धर्मगुरूंचा संघ ती चालवतो. १९६९ मध्ये कॉलेज निघालं, २००६ मध्ये त्यांनी लॉ सुरू केलं, २००८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुण्याजवळ लवासालाही त्यांचा कॅम्पस आहे. ज्या सिरो-मलबार चर्चचा हा संघ, त्याच चर्चचा एक धर्मप्रांत १९८८ पासून आपल्या कल्याणच्या नावाने आहे. त्यामुळे कल्याण-डोंबिवलीतल्या केरळी शेजारणींकडून ही माहिती लवकर पोहोचते. बेंगळुरूतच जेझुइट फादरांचं सेंट जोसेफ्स कॉलेज ऑफ लॉ आहे.

अशा संस्थांत शिकवणं चांगलं नसतं असं आम्ही मुळीच म्हणत नाही. मूट कोर्ट होतात, म्हणजे खोटं कोर्ट भरवून खरा युक्तिवाद करायला शिकवतात. इंटर्नशिप करावी लागते. ग्रंथालय मोठं असतं. मुलगी चार राज्यांच्या मुलांबरोबर राहते आणि धीट होते. पण फी वर्षाला लाखाच्या पुढे जाते, वर वसतिगृह आणि जेवण. कोर्स पाच वर्षांचा.

गेल्या वर्षी आमच्या एका गटातल्या ताईंनी असाच विषय मांडला. पोळी-भाजीचे डबे करतात, यजमान डोंबिवली एमआयडीसीत कामाला. मुलीला दूरच्या एका कॅथलिक संस्थेत लॉला सीट मिळत होती. पहिला हप्ता भरायला दहा दिवस होते. ताईंनी गटाकडे ऐंशी हजार मागितले आणि बाकीच्यासाठी मंगळसूत्र गहाण ठेवायची तयारी सांगितली. गटाची सगळी मिळून बचत तेव्हा सव्वादोन लाख होती. म्हणजे एकीच्या फीसाठी पंधराजणींच्या बचतीतला तिसरा हिस्सा. कर्ज द्यायला कुणाची ना नव्हती, पण पापड मशीनसाठी कर्ज मागितलं तर आपण विचारतोच ना, पापड विकणार कुठे? तोच प्रश्न इथेही आला. शिकून झाल्यावर पोरगी करणार काय आणि कमावणार किती?

मग आम्ही तिघीजणी कामाला लागलो. आधी इथल्याच एका खासगी कॉलेजच्या ऑफिसात गेलो, कसं विचारायचं ते कळावं म्हणून. "प्लेसमेंट किती होते?" तर समोरच्या मॅडम म्हणाल्या, "शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स." आमच्यातल्या एकीने विचारलं, "असिस्टन्स म्हणजे मदत. मदत शंभर टक्के, पण नोकरी किती टक्के?" त्यावर त्यांनी रंगीत माहितीपुस्तक हातात दिलं. त्यात हसऱ्या मुलांचे फोटो होते आणि सर्वात जास्त पगार मोठ्या अक्षरात छापला होता. सर्वात जास्त पगार एकाच पोराचा असतो, बायांनो. आपली पोरगी तोच एक असेल हे कोण सांगणार?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत कॅथलिक लॉ स्कूल दीडशे वर्षांपासून आहेत. नोत्र दामचं १८६९ चं, जॉर्जटाउनचं १८७० चं. तिथे २०११-१२ च्या सुमाराला निरनिराळ्या लॉ स्कूलमधून बाहेर पडलेल्या मुलांनी आपल्याच संस्थांवर दावे लावले. म्हणणं असं होतं की हॉटेलात वेटरचं काम करणाऱ्यालाही तुम्ही "नोकरीला लागला" म्हणून मोजता आणि तो आकडा दाखवून आमच्याकडून फी घेता. बहुतेक दावे टिकले नाहीत. पण आता तिथल्या वकिलांच्या संघटनेच्या नियमामुळे प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला पदवीनंतर दहा महिन्यांनी मुलं काय करतात ते फोड करून जाहीर करावं लागतं. सनद लागणारी नोकरी किती जणांना, पूर्ण वेळ किती, अर्धवेळ किती, रिकामे किती.

आपल्याकडे इतकी फोड मिळत नाही, पण काही तरी मिळतं. केंद्र सरकारची एनआयआरएफ नावाची क्रमवारी आहे. तिच्यात भाग घेणाऱ्या कॉलेजला भरून दिलेली माहिती आपल्या वेबसाइटवर ठेवावी लागते. वेळेत पास झालेले किती, नोकरी लागलेले किती, पुढे शिकायला गेलेले किती, आणि मधला पगार. मधला पगार म्हणजे सरासरी नव्हे. नोकरी लागलेल्या मुलांना पगाराप्रमाणे रांगेत उभं करा आणि बरोबर मधोमध जो उभा असेल त्याचा पगार. आपल्या गटात एकीचं दुकान जोरात चाललं की सरासरी वर जाते, पण मधलीची कमाई तेवढीच राहते. म्हणून हा आकडा खरा बोलतो. फक्त एक लक्षात ठेवा. ही रांग नोकरी लागलेल्यांची आहे. जी मुलगी कल्याणच्या कोर्टात एखाद्या वकिलाच्या हाताखाली उभी राहिली, ती या रांगेत नसते. आणि आपल्या मुलींना तर व्हायचं असतं कोर्टातलीच वकील.

म्हणून आम्ही ताईंच्या मुलीला म्हटलं, तू त्या कॉलेजातून पास झालेल्या पाचजणींचे फोन नंबर मिळव. फोटोतल्या नकोत, साध्या. तिने आठ दिवसांत मिळवले. आजची पोरं ते कसं करतात ते त्यांनाच ठाऊक. पाचातल्या दोघी कंपन्यांच्या कायदा विभागात होत्या, करारनामे तपासण्याचं काम, पगार चांगला. एक न्यायाधीशाच्या परीक्षेचा अभ्यास करत घरी होती. एक कोर्टात होती आणि तिला सीनियरकडून महिन्याला पाच हजार मिळत होते, तेही सणासुदीला विसरले जायचे. पाचवीचं लग्न होऊन काम सुटलं होतं. पाचजणींवरून कॉलेजची परीक्षा होत नाही, ते आम्हालाही कळतं. पण रंगीत पुस्तकापेक्षा या पाच फोनांनी आम्हाला जास्त शिकवलं. त्यातलं आमच्या मनात राहिलं ते हे, की कंपनीत गेलेल्या दोघींना कॉलेजच्या नावाचा उपयोग झाला होता आणि कोर्टात गेलेलीला झाला नव्हता.

कारण कोर्टाचा रस्ता वेगळा आहे. पदवी मिळाली की महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नाव नोंदवून सनद घ्यायची. कायद्यात तिची फी साध्या प्रवर्गाला ७५० रुपये आणि एससी-एसटीला १२५ रुपये लिहिलेली आहे. राज्याराज्यांत यापेक्षा कितीतरी जास्त पैसे घेत होते. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्यातल्या रकमेच्या वर घेता येणार नाही. त्यानंतर ऑल इंडिया बार एक्झाम, शंभर प्रश्नांची, पास व्हायला ४५ टक्के, एससी-एसटीला ४०. इथवर सगळं सरळ आहे.

यानंतरची तीन वर्षं कुठल्याच माहितीपुस्तकात नसतात. मुलगी सकाळी ठाण्याला कोर्ट नाक्यावर किंवा कल्याण कोर्टात जाते, तारखा घेते, नकलांचे अर्ज करते, सीनियरची बॅग आणि फायली सांभाळते. सीनियर भला असला तर शिकवतो आणि काही देतो. नाही तर लोकलचा पास, कोट-बँड, पुस्तकं आणि चहा घरच्याच पैशाने. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने म्हटलं की ज्युनियरला शहरात महिन्याला किमान २० हजार आणि गावाकडे १५ हजार द्यावेत. पण ही शिफारस आहे, सक्ती नाही. आणि पुढचे चांगले दरवाजे नेमके या तीन वर्षांनंतरच उघडतात. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर वकील म्हणून जायचं तर तीन वर्षांचा अनुभव लागतो. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या परीक्षेसाठीही तीन वर्षांच्या वकिलीची अट सुप्रीम कोर्टाने २० मे २०२५ च्या निकालाने परत आणली. म्हणजे पदवी घेऊन थेट न्यायाधीशाच्या परीक्षेला बसू, हा हिशेब आता चालणार नाही.

पाच अधिक तीन, आठ वर्षं. बाप फी भरून थकतो पाचव्या वर्षी, आणि मुलीला खरा आधार लागतो सहाव्या, सातव्या, आठव्या वर्षी. देशात नोंदलेल्या वकिलांत बायका साधारण १५ टक्के आहेत. वर्गात मुली इतक्या दिसतात, मग कोर्टात कमी का, याचं एक उत्तर आम्हाला या तीन वर्षांत दिसतं. मुलगा असेल तर घर म्हणतं, अजून दोन वर्षं काढ. मुलीला म्हणतं, पाच हजारांसाठी कशाला वणवण, स्थळ आलंय.

आता भाषेचं. आपल्याकडे खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. सात-बारा मराठीत, पंचनामा मराठीत, साक्षीदार बोलतो ती मराठी तर मुरबाडची, शहापूरची. बाहेरच्या राज्यात पाच वर्षं इंग्रजीत शिकून आलेली मुलगी हायकोर्टाला आणि कंपनीला सोयीची. कल्याण कोर्टात तिला मराठी अर्ज लिहायला नव्याने शिकावं लागतं. अशक्य नाही, पण तो वेळही या तीन वर्षांतूनच जातो. एका वकीलबाई आम्हाला म्हणाल्या, "मोडी कागद नाही वाचता आला तरी चालेल, पण तलाठ्याचं अक्षर वाचता आलं पाहिजे." आम्हाला ते पटलं. तलाठ्याचं अक्षर आम्हीही पाहिलंय.

आणि काम इथे आहे, भरपूर आहे. ठाण्यात जिकडे तिकडे जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे, सोसायट्यांची मानीव अभिहस्तांतरणं, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, अडकलेली आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडायला सांगितल्या. खोट्या कागदांवर रेराची नोंदणी मिळवली होती. घर घेताना आपले कागद तपासून देणारी, आपल्या भाषेत सांगणारी एखादी वकील मुलगी वस्तीत असती तर किती घरं वाचली असती, याचा विचार करा. घरगुती हिंसा, पोटगी, वारसा ही कामं तर रोजची. असल्या कामाला कॉलेजचं नाव कुणी विचारत नाही.

आता पैशाचं, कारण शेवटी गाडी तिथेच येते. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसीमधल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून, म्हणजे सीईटी देऊन, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ती लागू नाही. म्हणजे तीच मुलगी, तीच पदवी. सीईटीतून आपल्या भागातल्या मान्यताप्राप्त कॉलेजात गेली तर शिक्षण फी शून्य, अभिमत विद्यापीठात गेली तर लाखांवर लाख. एससी-एसटीच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीच्या योजना वेगळ्या आहेत, त्यांचे अर्जही महाडीबीटीवरच भरायचे. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रीमीलेयर हे कागद बारावीचं वर्ष चालू असतानाच काढून ठेवा. जूनमध्ये तहसील ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते.

अल्पसंख्याक संस्थेबद्दल आणखी एक गोष्ट विचारून घ्या. तिथे त्यांच्या समाजासाठी जागा राखीव असतात, आणि आपलं एससी, एसटी, ओबीसीचं आरक्षण देणं त्यांना घटनेने बंधनकारक केलेलं नाही. काही संस्था स्वतःहून सवलत देतात. "देतो" म्हणाले तर लेखी मागा.

कर्जच काढायचं असेल तर मंगळसूत्र शेवटी. बँकेचं शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकतं आणि कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ता सुरू होतो. इथेच आठ वर्षांचा हिशेब पुन्हा येतो. हप्ता सुरू होतो सातव्या वर्षी, आणि कोर्टात गेलेल्या मुलीच्या हातात तेव्हा पाच-सात हजार असतात. म्हणून मोठं कर्ज काढून शिकलेली मुलगी मनात कोर्ट असलं तरी कंपनीत जाते. आमच्या ओळखीची एक आहे, ऐरोलीला कंपनीत. बाहेरच्या राज्यातल्या खासगी विद्यापीठात शिकली, पगार छान, हप्ता वेळेवर, आईला फ्रीज घेतला. ती आनंदात आहे आणि तिच्यासाठी तो खर्च योग्यच होता. पण तिला कंपनीतच जायचं होतं आणि ते तिला आधीच माहीत होतं.

ज्यांना वाटतं नाव मोठं नसेल तर काहीच होत नाही, त्यांना व्हायलेट अल्वांचं पुढचं सांगायला हवं. गव्हर्नमेंट लॉ कॉलेज हे सरकारी. तिथून निघून १९४४ मध्ये त्यांनी हायकोर्टाच्या पूर्णपीठापुढे युक्तिवाद केला, असं करणाऱ्या देशातल्या त्या पहिल्या महिला वकील. १९६२ मध्ये राज्यसभेच्या उपसभापती झाल्या. आणि फ्लेव्हिया ॲग्नेस घ्या. कॅथलिक घरातल्या, नवऱ्याची मारहाण सोसलेल्या, तीन मुलांच्या आई. कायद्याची पदवी घेतली तेव्हा चाळिशी आलेली. पुढे मुंबईत त्यांनी मजलिस ही संस्था सुरू केली आणि हजारो बायकांची कोर्टातली बाजू तिथल्या महिला वकिलांनी मांडली. हे आम्ही मुलींपेक्षा तुम्हा आयांसाठी सांगतोय. पदवी झालेल्या बाईला तीन वर्षांचं एलएलबी करता येतं, सीईटीला वयाची वरची अट नाही. फक्त नोकरी करत उरकून टाकू असं धरू नका, ७० टक्के हजेरी लागते.

ताईंच्या मुलीचं काय झालं, ते विचारणार हे माहीत आहे. तिला आम्ही ना "जा" म्हटलं ना "जाऊ नको". पाचही फोन तिने स्वतः केले होते, वही तिच्याच हातात होती. दोन दिवस कुणाशी बोलली नाही, रडलीही असेल. मग म्हणाली, मला कोर्टातच उभं राहायचंय. सीईटी तिने दिलेली होतीच. केंद्रीय फेरीतून तिला लोकलने जाता येईल अशा कॉलेजात जागा मिळाली, ओबीसी असल्याने फी माफ झाली. गेल्या सुट्टीत तिने कल्याणच्या एका वकीलबाईंकडे इंटर्नशिप केली आणि पहिल्यांदा वारस दाखल्याचा अर्ज मराठीत लिहिला. त्यांनी तो चार वेळा परत केला म्हणे.

ताईंनी मागितलेले ऐंशी हजार गटाने दिले नाहीत, कारण लागलेच नाहीत. त्याऐवजी बैठकीत ठराव झाला. ताई दर महिन्याला सातशे रुपये वेगळे भरतात, गटाच्या रजिस्टरात त्याचं पान वेगळं आहे, वर लिहिलंय "सनद ठेव". पाच वर्षांत ते बेचाळीस हजार होतात, व्याज वेगळं. हे पैसे लग्नाला, गणपतीला, घराच्या पत्र्याला काढता येणार नाहीत, असं ताईंनीच लिहून घेतलं. आता दुसऱ्या दोन गटांनीही असं पान उघडलंय, त्यातली एक मुलगी अजून नववीत आहे.

ज्यांना महाडीबीटीचा अर्ज भरायला मदत हवी त्यांनी आपल्या वस्तीस्तर संघाच्या बैठकीला कागद घेऊन या. आणि मुलीला बरोबर आणा, अर्ज तिने स्वतः भरायचा आहे.